फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेशनची पदवी घ्यावी का? आधी काम ठरवा, मग पदवी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. शाळेत विज्ञान शाखा होती, जीवशास्त्र आवडतं, गणिताशी फारसं जमत नाही. गुन्हे उलगडण्याची ओढ आहे म्हणून फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेशनच्या पदवीला प्रवेश घ्यायचा विचार आहे. घरचे म्हणतात, आधी रसायनशास्त्राची सरळ पदवी घे, पुढचं पुढे बघू. आणि ही पदवी घेतल्यावर थेट घटनास्थळावर काम मिळेल का, हे तुम्हाला हवंय.

मी सुरुवातीची बरीच वर्षं घटनास्थळांवर काम केलं, नंतर प्रयोगशाळेत काच, रंग, धागे अशा सूक्ष्म पुराव्यांकडे वळलो. आता नव्या लोकांच्या निवडीच्या मुलाखती घेतो आणि त्यांचे अहवाल बाहेर जाण्याआधी तपासतो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते पदवीधरांना कामावर घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलेलं आहे. पूर्णवेळ शिकवणारा माणूस यातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगेल, आणि त्याचंही ऐकावं.

मला वाटतं, तुमचं अडलंय ते पदवीच्या आधीच. गुन्ह्याच्या तपासातलं नेमकं कुठलं काम तुम्हाला करायचंय? उलगडण्याचं काम एका माणसाच्या हातात नसतं. साक्षीदारांशी बोलणं, संशयितांची चौकशी करणं, कोणता धागा आधी धरायचा ते ठरवणं हे तपास अधिकाऱ्याचं काम. तो सहसा पोलीस असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला फॉरेन्सिकची पदवी लागत नाही. जागेची नोंद करणं, फोटो काढणं, ठसे, डाग, तुकडे शोधून उचलणं, बांधणं, सील करणं हे घटनास्थळ परीक्षकाचं. त्या वस्तूंची तपासणी करून निष्कर्षाचा अर्थ लिहून देणं प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाचं. मृत्यूचं कारण न्यायवैद्यक डॉक्टर सांगतो, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय पदवी लागते. फॉरेन्सिकची कुठलीही पदवी तिथे चालत नाही. मोबाइल, संगणक, कॅमेऱ्यांचं चित्रण यांतून माहिती काढणारे लोक आणखी वेगळे, त्यांचा पाया संगणकशास्त्रात असतो.

तुम्ही ज्या पदवीबद्दल विचारताय ती साधारणपणे घटनास्थळ परीक्षकाच्या कामाकडे झुकलेली असते. 'फॉरेन्सिक सायन्स' नावाची पदवी प्रयोगशाळेकडे झुकलेली असते. साधारणपणे म्हणतो, कारण एकाच नावाखाली दोन विद्यापीठं फार वेगळ्या गोष्टी शिकवू शकतात. एकीकडे तीन वर्षं कडक रसायनशास्त्र असतं, दुसरीकडे गुन्हेगारीशास्त्र, थोडा कायदा आणि दोन-तीन प्रात्यक्षिकं. नुसत्या नावावर जाऊ नका.

आता हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते एकाच उदाहरणातून दाखवतो, कारण विषयांची यादी वाचून काही कळत नाही. असं समजा की रात्री एका बंद दुकानाची खिडकी फुटली, आत चोरी झाली, आणि काही तासांनी एक संशयित पकडला गेला. त्याच्या स्वेटरवर काचेचे बारीक कण सापडले. तो म्हणतो, मी तिकडे फिरकलोच नाही.

पहिली अडचण घटनास्थळावरच येते. तुलनेसाठी खिडकीच्या काचेचा नमुना हवा. जमिनीवर पडलेले तुकडे उचलणं सोपं, पण ते त्याच खिडकीचे आहेत याची खात्री नाही. तिथे आधीची फुटकी बाटलीही असू शकते. म्हणून नमुना चौकटीत अडकून राहिलेल्या काचेचा घ्यायचा, आणि तोही एकाच कोपऱ्यातून न घेता वेगवेगळ्या जागांवरून, कारण एकाच काचेत जागोजागी किंचित फरक असतो. तुकडा काढण्याआधी त्याची आतली आणि बाहेरची बाजू खूण करून ठेवायची. काच कुठल्या बाजूने फुटली हा प्रश्न पुढे उभा राहिला तर ती खूण लागते. आणि ज्या माणसाने खिडकीपाशी काम केलं त्याने संशयिताच्या कपड्यांना हात लावायचा नाही. त्याच्या बाहीवरचे कण स्वेटरवर पडले तर सगळा पुरावा निकामी. हे नियम वाचायला किरकोळ वाटतात. न्यायालयात मात्र पहिला घाव इथेच बसतो.

मग कपडे. प्रत्येक वस्तू वेगळी बांधायची. स्वेटर कोरडा आहे की त्यावर ओलं रक्त आहे, यावर पिशवी ठरते. ओलसर जैविक डाग प्लॅस्टिकमध्ये बंद केले तर जिवाणू आणि बुरशी वाढते आणि डीएनए खराब होतो, म्हणून ते वाळवून कागदात बांधतात. उलट आगीच्या ठिकाणची राख-माती हवाबंद डब्यात किंवा खास नायलॉनच्या पिशवीत जाते, कारण पेट्रोलसारख्या द्रवाची वाफ कागदातून निघून जाईल. हा नियम पाठ करण्याचा भाग नाही. यामागचं रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र कळलं असेल तर पुस्तकात नसलेली वस्तू समोर आली तरी ती कशात बांधायची ते सुचतं.

प्रयोगशाळेत काचेचा कण सिलिकॉन तेलात बुडवून हळूहळू तापवतात. एका ठरावीक तापमानाला तेलाचा आणि काचेचा अपवर्तनांक, म्हणजे त्यांतून जाताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, सारखा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणाची कड दिसेनाशी होते. त्यावरून अपवर्तनांक दशांशचिन्हानंतर चार-पाच स्थळांपर्यंत काढता येतो. खिडक्यांच्या बऱ्याच काचा १.५२ च्या आसपास असतात, त्यामुळे ही बारकाई लागते. गरज पडली तर काचेत अल्प प्रमाणात असलेली मूलद्रव्यंही मोजतात.

समजा, दोन्ही मापं जुळली. इथे नवा पदवीधर उत्साहाने लिहितो, 'स्वेटरवरची काच त्या खिडकीची आहे.' मी ते वाक्य खोडतो. मोजमापाने एवढंच कळलं की स्वेटरवरची काच त्या खिडकीच्या काचेपासून वेगळी ओळखता आली नाही. तशी काच आणखी किती खिडक्यांत असेल? रस्त्यावर सहज चालणाऱ्या माणसाच्या कपड्यांवर काचेचे कण किती वेळा सापडतात? काच फुटते तेव्हा काही कण मागे, म्हणजे फोडणाऱ्याच्या दिशेने उडतात, आणि कपड्यांवरचे बहुतेक कण पहिल्या काही तासांतच गळून पडतात. लोकरीच्या कपड्यात ते जास्त वेळ टिकतात, गुळगुळीत चामड्यावर फार कमी. मग पकडला जाईपर्यंत गेलेला वेळ आणि सापडलेल्या कणांची संख्या यांचा मेळ बसतो का? संशयित म्हणतो की तो तिकडे गेलाच नव्हता. त्याऐवजी तो म्हणाला असता की 'मी नंतर तिथून जाताना फुटकी काच बघायला थांबलो', तर पुरावा म्हणून याच कणांचं वजन पूर्ण बदललं असतं.

आमच्या कामात प्रश्नांचे तीन थर मानतात, आणि चांगल्या अभ्यासक्रमात ते पहिल्याच वर्षी डोक्यात बसवतात. ही काच कुठून आली, हा पहिला थर. ती तिथे कशी आली, कुठल्या कृतीमुळे, हा दुसरा. ती कृती गुन्हा होती का, हा तिसरा, आणि तो न्यायालयाचा. तज्ज्ञ पहिल्यावर मोजमापाला पेलेल तेवढंच ठामपणे बोलू शकतो, दुसऱ्यावर पुरेशी माहिती असेल तरच, आणि तिसऱ्यावर कधीच नाही. ही पदवी घेण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच आहे: सापडलेल्या गोष्टीवर किती भार टाकता येतो ते शिकणं. शोधण्याची तंत्रं कामावरही शिकवता येतात. ही सवय उशिरा लावायला गेलं की फार जड जातं.

ही सवय न लागल्यास काय होतं याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. डीएनएचंच घ्या. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात एका खुनानंतर मृताच्या नखांखाली एका माणसाचा डीएनए सापडला आणि त्याला महिनोन्‌महिने तुरुंगात काढावे लागले. खुनाच्या वेळी तो दारूच्या नशेत रुग्णालयात भरती होता. रुग्णवाहिकेतले जे कर्मचारी त्याला घेऊन गेले होते, तेच काही तासांनी खुनाच्या जागी पोहोचले होते, आणि त्यांच्यामार्फत त्याचा डीएनए मृतापर्यंत गेला. प्रयोगशाळेचं उत्तर बरोबर होतं. डीएनए त्याचाच होता. पहिल्या थराचं उत्तर दुसऱ्या थराचं म्हणून वापरलं गेलं.

जर्मनीत तर पोलीस वर्षानुवर्षं एका अज्ञात बाईच्या मागावर होते. हाइलब्रॉन शहरात २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथला डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या आधीच्या अनेक गुन्ह्यांशी जुळत होता. २००९ मध्ये उलगडलं की तो डीएनए नमुने घेण्याचे कापसाचे बोळे बांधणाऱ्या एका कामगार बाईचा होता. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए जात नाही. या प्रकारच्या साहित्यासाठी पुढे २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे स्वतंत्र मानक आलं. जीवशास्त्र आवडणाऱ्याने हा फरक आपणहून विचारायला हवा, म्हणून सांगतोय.

बोटांच्या ठशांचंही तसंच. २००४ च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर सापडलेल्या एका ठशावरून अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातल्या एका वकिलाला अटक झाली. एफबीआयच्या अनुभवी परीक्षकांनी ठसा त्याचाच असल्याचं सांगितलं, न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. स्पेनच्या पोलिसांनी मात्र तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं आणि वकिलाची सुटका झाली. पुढे इटिएल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच अनुभवी परीक्षकांना त्यांनी स्वतःच पूर्वी 'जुळतात' म्हणून ठरवलेल्या ठशांच्या जोड्या पुन्हा दिल्या, पण या वेळी हे ते गाजलेलं चुकीचं प्रकरण आहे असं सांगून. पाचांपैकी चौघांनी आपला जुना निष्कर्ष बदलला. ठसे तेच, माणसं तीच, फक्त आधी कानावर पडलेली माहिती वेगळी.

हा प्रयोग पाचच जणांवर होता, त्यामुळे त्यातून टक्केवारी काढू नये. पण त्याचा परिणाम मी रोजच्या कामात बघतो. अनेक प्रयोगशाळांत आता परीक्षकाला संशयिताचा कबुलीजबाब, पूर्वीचे गुन्हे वगैरे आधी सांगत नाहीत. अज्ञात ठशातली वैशिष्ट्यं नोंदवून झाल्यावरच संशयिताचा ठसा समोर ठेवतात. ज्या विद्यापीठात असं कसं आणि का करायचं हे शिकवत नाहीत, त्यांचा अभ्यासक्रम जुना राहिलाय असं समजा. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने २००९ मध्ये या क्षेत्राचा मोठा आढावा घेतला आणि डीएनए सोडता बहुतेक तुलना-पद्धतींचा वैज्ञानिक पाया तपासला गेलेला नाही असं स्पष्ट लिहिलं. एफबीआयने केसांच्या सूक्ष्मदर्शकी तुलनेच्या जुन्या साक्षी तपासायला घेतल्या, आणि २०१५ मध्ये जाहीर केलं की तपासलेल्या साक्षींपैकी ९० टक्क्यांहून अधिक साक्षींत विज्ञानाला न पेलणारी विधानं निघाली. तुमच्या पिढीला मिळणारं शिक्षण या दोन धक्क्यांनंतरचं असायला हवं.

आता गणिताकडे येतो, कारण तुम्ही ते ओझरतं लिहिलंय आणि माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. या क्षेत्रात कलनशास्त्र फारसं लागत नाही, पण संभाव्यता आणि संख्याशास्त्र टाळता येत नाही. समजा, एखाद्या डीएनए प्रोफाइलबद्दल सांगितलं की तो योगायोगाने दुसऱ्या असंबंधित माणसाशी जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. हे ऐकून 'म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक' असं अनेकांना वाटतं, वकिलांनाही. पण एक कोटी लोकांच्या प्रदेशात तसा प्रोफाइल असलेली साधारण दहा माणसं निघतील. दुसरा काही पुरावा नसेल तर आरोपी त्या दहांतला एक आहे, एवढंच. ही गल्लत साक्षीच्या पिंजऱ्यात, समोरून प्रश्नांचा भडिमार चालू असताना ओळखता यायला हवी.

इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईला स्वतःच्या दोन बाळांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं. एका घरात दोन बाळं अचानक, अकारण दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं न्यायालयात सांगितलं गेलं होतं. एका बाळासाठी ती शक्यता ८,५४३ मध्ये एक धरून, त्या ८,५४३ चा वर्ग करून तो आकडा काढला होता, जणू दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंधच नाही. एकाच घरातल्या भावंडांत आनुवंशिक आणि परिस्थितीची कारणं सारखी असू शकतात. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये निकाल रद्द झाला तो मुख्यतः बचाव पक्षापासून दडलेल्या सूक्ष्मजीव-चाचणीच्या निष्कर्षांमुळे, पण तोवर त्या बाईचा तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. तो गुणाकार शाळेतला होता. तो करावा की नाही हे समजणं पदवीच्या पातळीचं होतं.

तुम्हाला गणित 'जमत नाही' म्हणजे नेमकं काय, ते मला माहीत नाही. परीक्षेच्या घाईत चुका होत असतील तर काळजी नको. आकड्यांमागचा तर्क समजून घेण्याचाच कंटाळा असेल तर प्रयोगशाळेची वाट तुम्हाला सुखाची होणार नाही, आणि ते प्रवेशाआधी कळलेलं बरं. धीर यावा म्हणून एक गोष्ट सांगतो. बोटांच्या ठशांची जी वर्गवारी जगभर वापरली गेली, ती कलकत्त्याला १८९७ मध्ये सुरू झालेल्या ठसे विभागात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घडवली. हक यांनी दहा बोटांच्या नक्षीवरून ठसे १,०२४ खणांत विभागण्याचं सूत्र बसवलं. साध्या अंकगणिताने केवढं मोठं काम होऊ शकतं हे त्यात दिसतं.

घरच्यांच्या सल्ल्याबद्दल. तो मला अजिबात चुकीचा वाटत नाही. प्रयोगशाळेत जायचं असेल तर रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राची भक्कम पदवी आणि त्यावर फॉरेन्सिकची पदव्युत्तर पदवी ही आजही चांगली वाट आहे. रासायनिक विश्लेषण, विषशास्त्र, अमली पदार्थ यांसाठी रसायनशास्त्र. डीएनएसाठी जीवरसायन, आनुवंशिकी, रेणवीय जीवशास्त्र. अमेरिकेत एफबीआयच्या गुणवत्ता मानकांत डीएनए विश्लेषकाला हेच तीन विषय आणि जोडीला संख्याशास्त्र शिकलेलं असणं सक्तीचं आहे. पदवीवर 'फॉरेन्सिक' लिहिलंय पण हे विषय नाहीत, तर तो उमेदवार छाननीतच मागे पडतो. असे अर्ज मी पाहिलेत, आणि ती मुलं हुशार होती म्हणून जास्त वाईट वाटतं. शिवाय मूळ विज्ञानाची पदवी असेल आणि मन बदललं, तर औषधनिर्माण, अन्नतपासणी, पर्यावरण असे दरवाजे उघडे राहतात.

तरीही फॉरेन्सिक पदवीच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी नमुना बाटलीत आलाय असं धरून चालतो. आमच्याकडे तो कुणी, कधी, कुठून, कसा उचलला आणि मधल्या काळात कुणाच्या ताब्यात होता, यावर त्याची किंमत ठरते. तपासण्यांचा क्रमही इथेच शिकायला मिळतो. धमकीच्या चिठ्ठीवर ठसे शोधायला निनहायड्रिन हे रसायन लावलं की घामातल्या अमिनो आम्लांमुळे जांभळे ठसे उमटतात, पण वरच्या पानावर लिहिताना या कागदावर उठलेले दाबाचे वळ त्या द्रावणाने नष्ट होऊ शकतात; म्हणून वळांची तपासणी आधी. ल्युमिनॉलने रक्त चमकतं, पण ब्लीच आणि तांब्यामुळेही चमक येते, म्हणून ती प्राथमिक चाचणीच मानायची. शुद्ध विज्ञानाच्या पदवीत असा विचार सहसा येत नाही, तो नंतर मेहनतीने लावून घ्यावा लागतो.

तेव्हा इथवरचं एवढं धरा: प्रयोगशाळा हवी असेल तर मूळ विज्ञान खोलवर हवं, मग ते कुठल्याही नावाच्या पदवीतून येवो. घटनास्थळ हवं असेल तर इन्व्हेस्टिगेशनची पदवी सरळ उपयोगाची आहे. तपास अधिकारी व्हायचं असेल तर पोलीस भरतीची वाट बघा. पदवी तिथे मदत करेल, पण ती अट नसते.

घटनास्थळावर थेट काम मिळेल का, याचं उत्तर तुम्ही कुठल्या देशात आणि कुठल्या यंत्रणेत अर्ज करणार यावर आहे. काही ठिकाणी घटनास्थळ परीक्षक गणवेशातले पोलीसच असतात, काही ठिकाणी साधे नागरी कर्मचारी. जवळपास सगळीकडे नव्या माणसाला यंत्रणा स्वतःचं प्रशिक्षण देते आणि सुरुवातीला जुन्या परीक्षकाबरोबर पाठवते; पदवी कितीही चांगली असली तरी पहिल्या दिवसापासून कुणी एकट्याला पाठवत नाही, आणि पाठवूही नये. जागा मोजक्या असतात. सरकारी धोरण बदललं की पूर्ण क्षेत्र हलतं: ब्रिटनमधली सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस मार्च २०१२ मध्ये बंदच झाली आणि तिथलं काम खासगी प्रयोगशाळा व पोलीस दलांकडे गेलं. एकाच नोकरीवर डोळा ठेवून तीन-चार वर्षं घालवू नका. डिजिटल पुराव्याचं काम सगळीकडे वाढतंय. त्यात जराही रुची असेल तर एक-दोन विषय तिकडचे घ्या.

आणि कामाचं खरं रूप माहीत असू द्या. वेळीअवेळी बोलावणं येतं. पावसात, अडगळीत, दुर्गंधीत तासन्‌तास वाकून काम करावं लागतं. मृतदेह बघणं अनेकांना हळूहळू जमतं. लहान मुलांची प्रकरणं मात्र अनुभवी माणसालाही हलवतात, आणि त्याबद्दल सहकाऱ्यांशी बोलता येणं हा कामाचाच भाग आहे. दिवसाचा मोठा भाग लिहिण्यात जातो. किती वाजता पोहोचलो, दार उघडं होतं का, दिवा लागलेला होता का, कोण आधी आत गेलं होतं, सगळं त्याच वेळी लिहायचं, कारण उलटतपासणी कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी होते. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे त्याला मी हे क्षेत्र सुचवत नाही.

अभ्यासक्रम निवडताना जाहिरातीतले पांढरे झगे आणि पिवळ्या फिती बाजूला ठेवून विभागाला लिहून विचारा. मूळ विज्ञानाचे विषय किती आणि प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने किती काम करायला मिळतं? संख्याशास्त्र कोण शिकवतं, आणि फॉरेन्सिकची उदाहरणं घेऊन शिकवतं का? सरावासाठी उभारलेलं घटनास्थळ आहे का, आणि तिथे केलेल्या नोंदी, फोटो, बांधणी तपासून गुण देतात का? अभिरूप न्यायालयात विद्यार्थ्याला उभं करून उलटतपासणी घेतात का? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवेन. शिक्षकांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष प्रकरणं हाताळली आहेत, हेही विचारा. काही देशांत अभ्यासक्रमांना व्यावसायिक संस्था मान्यता देतात, जसं ब्रिटनमध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस आणि अमेरिकेत फेपॅक. मान्यता असेल तर चांगलंच, पण ती असली तरी वरचे प्रश्न विचारायचे. प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्यांना कुठल्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथली गुणवत्ता व्यवस्था आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आहे का, हे कळलं तर विभागाचे संबंध किती खरे आहेत याचा अंदाज येतो.

मुलाखतीत मी एक साधी गोष्ट करतो. डाग पडलेल्या कपड्याचा फोटो उमेदवारापुढे ठेवतो आणि विचारतो, काय सांगाल? बरेच जण लगेच रक्त, वार, झटापट यांची गोष्ट रचतात. मला आवडतो तो उमेदवार जो आधी विचारतो: प्रकरणात नेमका प्रश्न काय आहे, कपडा कुठे सापडला, डाग रक्ताचा आहे हे तपासलंय का. असे उमेदवार मला इन्व्हेस्टिगेशनच्या पदवीतूनही मिळालेत आणि रसायनशास्त्राच्या पदवीतूनही.

प्रवेशाआधी दोन गोष्टी करा. तुम्हाला जिथे काम करायला आवडेल अशा दोन-तीन यंत्रणांच्या जुन्या भरतीच्या जाहिराती शोधा आणि त्यांतली शैक्षणिक अट शब्दशः उतरवून घ्या. तुम्ही बघताय तो अभ्यासक्रम त्या अटीत बसतो का ते पडताळा. दुसरं, सुनावणी खुली असेल अशा न्यायालयात जाऊन एखाद्या तज्ज्ञाची साक्ष आणि उलटतपासणी पूर्ण ऐका. अभ्यासक्रमांची विषयवार माहिती हाती आली की इथेच लिहा, म्हणजे घरच्यांनी सुचवलेली पदवी आणि तुमच्या मनातली पदवी शेजारी ठेवून बघता येईल.